गळतीखालचा सांबार

परवा बुलढाण्याहून शेतकी खात्याचा एक तरुण साहेब आमच्या मळ्यात आला. बाजेवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "बाबा, तेव्हा वीज नव्हती, मोटर नव्हती. मग तुम्ही बारा महिने सांबार कसा काढत होता?"

मी म्हटलं, "महादेवाच्या कृपेनं."

त्याला वाटलं म्हातारा देवभोळा आहे. त्यानं आदरानं मान डोलावली आणि विषय खताकडे वळवला. मी त्याला खरं तेच सांगितलं होतं, पण ते सांगायला एक चहा पुरत नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काही लिहा" असं कळवलंच होतं, तेव्हा म्हटलं, साहेबाला नाही तर नाही, वाचकांना सांगावं.

धंदा माझा पालाभाजीचा. पुदिना लावला, मेथी लावली, ओवा लावला, एका वैद्यबुवांसाठी काळी तुळसही लावली, पण नाव झालं ते सांबारावर. पुण्या-मुंबईकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात तिला आम्ही वऱ्हाडात सांबार म्हणतो. जेवायला बसलेल्या वऱ्हाडी माणसाला वरणावर सांबार दिसला नाही तर तो त्या वरणाकडे असा पाहतो, जसा बोडक्या डोक्यानं लग्नाला आलेल्या पाहुण्याकडे पाहावं.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला, कचेऱ्या बुलढाण्याला आणि बाजार नांदुऱ्याला, कारण आगगाडी तिथं. वीज आम्ही पाहिली होती ती पावसाळ्यात, पाटलाच्या चिंचेवर पडलेली. विहिरीचं पाणी मोटेनं काढायचं, म्हणजे कातड्याचा मोठा पोहरा आणि तो ओढायला बैलजोडी.

सांबार ही मुळात थंडीची भाजी. हिवाळ्यात बांधावर धने सांडले तरी उगवतो आणि तेव्हा त्याला कोणी विचारत नाही, गाईपुढे टाकतात. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत त्याची मुळं कुजतात. त्यासाठी मी उंच वाफे करायचो, मातीत राख आणि वाळू मिसळायचो, पाऊस जास्त झाला की वर तट्टा टाकायचो. हे सगळं जमत होतं. हातपाय गळायचे ते चैत्र-वैशाखात. ऊन असं की कोंबडीसुद्धा सावली बदलायची तर विचार करून निघते. आणि नेमकी तेव्हाच लग्नं असतात, पंगती असतात, अन् साऱ्या तालुक्याला सांबार पाहिजे असतो.

आमचा मळा गावाच्या शिवेला, महादेवाच्या देवळामागं. उन्हाळ्यात महादेवावर गळती लावतात. पिंडीच्या वर तीन काठ्यांची तिकाटी, तिच्यावर मडकं, मडक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी, आणि त्या चिंधीवाटे देवाच्या डोक्यावर अखंड थेंब थेंब पाणी. देवाला गार वाटावं म्हणून. ते पाणी गोमुखातून देवळाच्या मागच्या बाजूला पडतं. एका वैशाखात माझे सगळे वाफे करपून गेले होते आणि मी डोक्याला हात लावून देवळामागं बसलो होतो. तर समोर गोमुखाखाली हिरवागार सांबार. कोणाच्या तरी ओटीतून धने सांडले असतील. ना खत, ना मोट. होती ती भिंतीची सावली आणि वरून थेंब.

मी त्याला हात लावला नाही. महादेवाचं पाणी आम्ही ओलांडतसुद्धा नाही, मग त्यावर उगवलेलं खायची गोष्ट दूरच. पण देवाची अक्कल उचलून न्यायला तर कोणाची मनाई नव्हती. मी कुंभाराकडून मडकी आणली, प्रत्येकाला भोक पाडून चिंधी लावली आणि वाफ्यावाफ्यावर तिकाट्या उभ्या करून टांगली. वर तुराट्यांचा मांडव घातला, म्हणजे ऊन चाळून येईल. सकाळी मोट धरून मडकी भरायची आणि मग दिवसभर बसून थेंब मोजायचे, म्हणजे झोप काढायची.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. अख्खा धना म्हणजे दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या असतात. तसाच पेरला तर रुसतो, उगवता उगवत नाही. म्हणून धने गोणपाटावर पसरून वरून जड काहीतरी फिरवायचं. दाणा दुभंगला पाहिजे, पण चुरा होता कामा नये. हे नाजूक काम माझी बायको सरसू करायची, मळ्यातच बसून, आणि ते ती घरच्या वरवंट्यानं करायची. फोडलेले धने रातभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि मग पेरायचे. एक वाफा उपटायला आला की दुसरा उगवलेला पाहिजे. उन्हाळ्यात सांबार मोठा होऊ द्यायचा नाही, कोवळा आहे तोवर काढायचा, नाहीतर तो फुलावर जातो आणि मग बकरीही त्याला नाक मुरडते. एवढीच विद्या आहे. त्या थेंबाथेंबाच्या पाण्याला साहेब लोक आता इंग्रजी नाव देतात असं ऐकतो.

नांदुऱ्याला माझा माल करीमभाई बागवान विकायचा. स्टेशनच्या रस्त्यावर त्याची पाटी लागायची. तो पहिल्यांदा मळा पाहायला आला तेव्हा ती टपकणारी मडकी बघून बांधावरच थबकला.

"किसनभाऊ," तो म्हणाला, "ये क्या, सारे वाफों को जुकाम हो गया क्या? सबकी नाक बह रही."

पण सांबार त्यानं हातात घेतला, हुंगला आणि लगेच भाव विचारला. वैशाखात नांदुऱ्याच्या बाजारात ताजा सांबार म्हणजे अप्रूप होतं. लोक नुसते बघायला यायचे. एक कारकून तर रोज कचेरीत जाता जाता जुडी उचलायचा, डोळे मिटून तिचा वास छातीभर घ्यायचा आणि जुडी परत ठेवून चालू लागायचा. विकत कधी घेतली नाही. एक दिवस करीमभाईनं त्याचा हात धरला. "बाबूसाहब, वास घेतला तं घेतला, पन श्वास अठीच सोडून जा. बाकी गिऱ्हाइकाले काय हुंगाले देऊ?" कारकून बिचारा तोंड फुगवून श्वास धरून उभा. शेवटी सोडला, आणि लाजून दोन जुड्या घेऊन गेला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा केला तो शेगावच्या यात्रेकरूंनी. ते आमच्या बांधावरून जायचे. त्यांना काय दिसायचं? देवळामागं मांडव, मांडवात रांगेनं तिकाट्या, प्रत्येक तिकाटीवर गळती. गळतीखाली महादेव असतो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सांबार दाट असल्यामुळं पिंडी दिसत नाही, एवढंच. एका बाईनं वाकून पहिल्या वाफ्यावर बेल वाहिला. मी मोटेवर होतो. खाली येऊन सांगेपर्यंत बाकीच्या बायांनी उरलेल्या वाफ्यांना कुंकू लावून टाकलं होतं.

मी म्हटलं, "माय, इथं देव नाही, सांबार हाय."

ती म्हणाली, "देव कोठी नसते, बाप्पा?"

मग काय, लोक चपला बांधावर काढून आत यायला लागले. वाफ्याला प्रदक्षिणा घालायचे, तीही महादेवाला घालतात तशी अर्धीच. पाटाचं पाणी लागलं की तिथून मागं फिरायचे. कोणी सोमवारी दूध ओतायचं, मग मुंग्या यायच्या. मी हात जोडून सांगायचो, बाबांनो दूध नका ओतू. तर ते आपसात बोलायचे, पुजारी किती साधा आहे, काही मागत नाही.

एकाची म्हैस हरवली होती. तो येऊन माझ्यापुढंच बसला. सापडेल का, सांगा. माझी मडकी भरायची खोळंबली होती. मी वैतागून म्हटलं, "सापडन, जा, घरी पोचाच्या आत सापडन." तो वळला, तर म्हैस माझ्याच शेवटच्या वाफ्यात उभी राहून सांबार खात होती. तो माझ्या पाया पडला. त्याच्या म्हशीनं वाफा साफ केला होता म्हणून मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण पायाशी आलेल्या माणसावर धावून जाता येत नाही. त्यानंतर तर विचारूच नका.

खरं सांगायचं तर पुढं पुढं मीही नाही म्हणायचं सोडून दिलं. देवाच्या वाफ्यात पोरं शिरत नव्हती, कोणी बकऱ्या सोडत नव्हतं, चोरी नव्हती. राखणदार ठेवला असता तरी एवढी राखण झाली नसती. सरसू मात्र कपाळावर हात मारायची. "सांबार इकता इकता देव इकाले लागान एक दिस," म्हणायची.

सरसूच्या डोक्यात तेव्हा वेगळंच काहूर होतं. तिचा वरवंटा हरवला होता. माहेराहून आणलेला, काळाभोर, हाताला बसलेला. एका टोकाला टवका उडालेला, कारण आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं रागाच्या भरात त्यानं नारळ फोडला होता. राग माझ्यावर होता, नारळावर निघाला. तो वरवंटा एका उन्हाळ्यात घरातून गेला तो गेलाच, आणि धने काय, वाटण काय, ती खलबत्त्यावर भागवू लागली. आणि सरसूची खात्री होती की तो शेजारच्या गोदाबाईनं नेला. पुरावा काय, तर गोदाबाईच्या घरची चटणी अचानक बारीक वाटली जाऊ लागली होती.

तिनं गोदाबाईला तोंडावर विचारलं. गोदाबाईनं तोंडावर उत्तर दिलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते कित्येक उन्हाळे. पण भिंतीला भिंत लागून घरं, बोलल्याशिवाय भागणार कसं? म्हणून त्या आमच्या ढवळ्या बैलामार्फत बोलायच्या. तो दोन्ही अंगणांच्या मधे बांधलेला असायचा.

"ढवळ्या, सांग तुह्या मालकिनीले, तिची कोंबडी माह्या चुलीत शिरून राह्यली."

"ढवळ्या, सांग तिले, चुलीत कोंबडीच शिरन. ज्याच्या घरी परायी वस्तू असते त्याच्या चुलीत काय लक्ष्मी शिरन?"

ढवळ्या रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायचा. माझ्यापेक्षा त्याला शांतपणा जास्त होता.

गोदाबाईचा नवरा पांडूभाऊ अगदी गरीब माणूस. "नाही" हा शब्द त्याला येतच नव्हता. काहीही विचारा, "हाव" म्हणायचा. त्यांची पोरगी द्वारकी, गुणाची पोर. तिचं शेगावकडच्या एका घरी जमलं. मुलाचे वडील गणपतराव सुपारी फोडताना म्हणाले, लग्न वैशाखात. पांडूभाऊ म्हणाला, हाव. गणपतराव म्हणाले, रुखवतात सांबारवडी पाहिजे. पांडूभाऊ म्हणाला, हाव.

सांबारवडी म्हणजे बेसनाच्या पातळ पोळीत मूठभर सांबार, खोबरं, खसखस, तिखट असं सारण भरून तळलेली गुंडाळी. हिवाळ्यात घरोघरी होते. वैशाखात, वऱ्हाडच्या वऱ्हाडाला पुरेल एवढी, म्हणजे सांबाराचं पोतंच पाहिजे. घरी आल्यावर हे गोदाबाईला कळलं. पांडूभाऊ रात्र पडायची वाटही न पाहता माझ्याकडे आला.

"किसनभाऊ, होईन काय?"

"पांडूभाऊ, हाव म्हनाच्या आधी इच्यारलं असतं तं?"

"हाव," तो म्हणाला.

मी सरसूला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "पोरीनं काय केलं? द्वारकी माह्या कडेवर वाढली. सांबार लागन तितका द्या. पन वरवंटा भेटल्याबिगर मी त्या घरच्या हळदीले जानार नाई." आणि ढवळ्यालाही ते मोठ्यानं सांगून ठेवलं.

मी वेळ साधून वाफे पेरले आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सांबार असा आला होता की पाहणाऱ्याची दृष्ट लागावी. दुपारी उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून गोदाबाईच्या घरी पोचवला. काही वाफे मागाहून लागले तर असावेत म्हणून तसेच ठेवले. संध्याकाळी वऱ्हाडाच्या गाड्या आल्या, त्या आमच्याच बांधावरून. गणपतरावांनी गाडी थांबवली. बेल, कुंकू, गळत्या पाहिल्या. उतरून, जोडे काढून नमस्कार केला आणि गावातल्या एका पोराला विचारलं, देवाच्या भोवती ही हिरवळ कसली?

"सांबार हाय तो," पोरगं म्हणालं. "तुमच्या वड्यायचा."

तासाभरात जानोशातून निरोप आला. जानोसा म्हणजे वऱ्हाडाची उतरण्याची जागा. पांडूभाऊ आणि मी धावत गेलो. गणपतराव लोडाला टेकून बसले होते. भरदार माणूस, गळ्यात मोठं रुद्राक्ष.

"इवाई," ते पांडूभाऊला म्हणाले, "महादेवाच्या पान्यावर वाढलेलं ते शिवनिर्माल्य. ते आमी खात नसतो. हे तुमाले मालूम हाय का नाई?"

"हाव," पांडूभाऊ म्हणाला.

"मालूम हाय अन् तरी आमाले चारून राह्यले?"

मी मधे पडलो. "बाप्पा, तिथं देव नाही. निस्ती मडकी हायेत. मीच टांगली."

"गळतीखाली देव नाई, असं कोठी आयकलं?" ते म्हणाले. "वडी आमी खानार नाई."

मी म्हटलं, बरं, मग वडी राहू द्या. दुसरं काही करू.

"राहू कशी द्या? साऱ्या भावकीले सांगून आलो, वैशाखात सांबारवडी खाऊ घालतो म्हनून. वडी नाई तं माळ नाई."

म्हणजे वडी खाता येत नाही आणि वडीशिवाय लग्न होत नाही. मी पालाभाजीवाला माणूस, असला गुंता कधी पाहिला नव्हता. गोदाबाईच्या घरी बाया सारण करायला बसलेल्या, त्यांचे हात थांबले. द्वारकी हळदीच्या अंगानं कोपऱ्यात बसून रडत होती. उद्या गोरज मुहूर्त. माझ्या मळ्यातल्या खोट्या देवांमुळं पोरीचं लग्न मोडत होतं, आणि ते देव मी हाकलले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मी पुन्हा जानोशात गेलो. म्हटलं, "सकाळी चला. वाफे उकरून दावतो. देव निंगाला तं सांबार फेकून देऊ. नाई निंगाला तं मुकाट्यानं वडी खा."

सकाळी अख्खं गाव मळ्यात. गणपतराव पुढं, त्यांची भावकी मागं, एका बाजूला गोदाबाई आणि पांडूभाऊ, दुसऱ्या बाजूला सरसू. ढवळ्या मोटेला जुंपलेला, कारण मडकी भरायची होतीच. मी कुदळ घेतली. पहिला वाफा उकरला, माती. दुसरा उकरला, माती आणि गांडुळं. गणपतरावांची मान जरा झुकली. गोदाबाईनं श्वास सोडला. तिसऱ्या वाफ्यात कुदळ खण्ण वाजली.

मी हातानं माती बाजूला केली. काळा, गुळगुळीत, गोल माथ्याचा दगड, मातीत उभा रुतलेला. वरून गळतीचा थेंब बरोबर त्याच्या टाळूवर पडला.

"हर हर महादेव," कोणीतरी म्हणालं, आणि सगळा जमाव गुडघ्यावर आला. गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गोदाबाई जमिनीवर बसली. पांडूभाऊला कोणी काहीच विचारलं नव्हतं, तरी तो हळूच "हाव" म्हणाला.

मी दगड थोडा हलवला आणि तो एका अंगानं सुटला. खालच्या टोकाला टवका उडालेला होता.

मी मान वर करून सरसूकडे पाहिलं. तिनंही तो पाहिला होता. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट आठवत गेलेली मला दिसली. गोणपाट, धने, मळ्यातलं ऊन, आणि संध्याकाळी घाईघाईनं घरी जाताना वाफ्यात गळतीखाली तसाच उभा राहिलेला वरवंटा. सांबाराला खोल खणावं लागत नाही. दरवर्षी वरून खत पडत गेलं आणि तो खाली खाली गेला.

ती गप्प बसली असती तर दगड महादेव ठरला असता, द्वारकीचं लग्न मोडलं असतं, पण भांडण सरसूच्या बाजूनं राहिलं असतं. बोलली तर लग्न वाचणार होतं आणि एवढी वर्षं गोदाबाईला दिलेल्या साऱ्या शिव्या तिच्याच पदरात परत येणार होत्या. सरसू फार मानी बाई. मला खरंच सांगता आलं नसतं ती काय करेल.

ती ढवळ्याजवळ गेली. त्याच्या मानेवर हात ठेवला.

"ढवळ्या," ती म्हणाली, "सांग तिले. हा देव नाई. हा माहा वरवंटा हाय."

सगळे बैलाकडे पाहायला लागले. गोदाबाई उठली. तीही ढवळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"ढवळ्या, इच्यार तिले, मंग अठी कोनं आनून ठेवला?"

ढवळ्यानं शेपूट हलवलं. सरसूनं त्याच्या मानेवरचा हात काढला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"म्याच ठेवला, गोदे. धने रगडाले आनला अन् इसरली. तुह्यावर आळ घेतला. चुकलं माहं."

गोदाबाई तिच्या गळ्यात पडली. मग दोघी ढवळ्याच्या गळ्यात पडल्या. एवढ्या वर्षांच्या निरोप्याचं काम सुटलं म्हणून की काय, तो मोट सोडून चालायलाच लागला, आणि मोट धाडकन विहिरीत गेली.

गणपतराव मात्र इतक्या सहज देव सोडणारे नव्हते. वरवंटाच कशावरून? सरसू म्हणाली, चला घरी. अंगणात पाटा होता, इतके दिवस उलटा पडलेला. तिनं तो धुतला, वरवंटा धुतला, आणि पाट्यावर ठेवला. पाट्याच्या खोलगटात तो असा बसला की मधून दोरा जाणार नाही. तिनं सांबार, हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ घेतलं आणि बघता बघता चटणी वाटली. भाकरीच्या तुकड्यावर घालून गणपतरावांपुढं धरली.

त्यांनी रुद्राक्षाला हात लावला, डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला. त्यांच्या कपाळावर घाम आला, नाक लाल झालं, कानशिलं तापली. 

"वरवंटाच हाय," ते शेवटी म्हणाले. "देव असता तं इतकी तिखट नसती झाली. अजून हाय काय थोडी?"

गोरज मुहूर्तावर माळ पडली. सांबारवड्या रुखवतात गेल्या आणि सगळ्यांत जास्त कोणी खाल्ल्या हे मी सांगायला नको. द्वारकी जाताना आधी सरसूच्या पाया पडली आणि मग ढवळ्याच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाटा होता, वरवंटा नव्हता.

सरसूनं या वेळी कोणावर आळ घेतला नाही. आम्ही सरळ मळ्यात गेलो. वरवंटा तिसऱ्या वाफ्यात परत उभा होता. भोवती विटा, वर गळती, अंगावर बेल आणि भस्म. गावातल्या चार म्हाताऱ्या तिथं बसल्या होत्या. सरसू म्हणाली, "आवो, कालच तं सांगतलं, हा माहा वरवंटा हाय."

त्यांतली एक म्हणाली, "हाय ना बाई, कोन नाई म्हनते? पन इतले वर्स तो गळतीखाली बसला, इतल्या लोकायनं त्याले हात जोडले. आता त्याले परत चटनी वाटाले लावतं काय?"

सरसू भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात गोदाबाईनं तिचा हात धरला. "राहू दे सरसे. माह्या घरी पाटा हाय, वरवंटा हाय. ये ना वाटाले."

आणि सरसू गेली. पुढं आयुष्यभर तिनं दुसरा वरवंटा घेतला नाही. रोज वाटण घेऊन गोदाबाईकडे जायची, आणि एका मुठीच्या चटणीला दोघींना सकाळचे तास पुरायचे नाहीत. मी उपाशी बसायचो, पण बोलायची सोय नव्हती.

आमच्या गावात वीज आली तेव्हा मी मोटरसाठी अर्ज केला होता. खांबाची जागा नेमकी तिसऱ्या वाफ्यात येत होती. तारवाला माणूस आला, त्यानं गळती पाहिली, चप्पल काढली आणि खांब पलीकडच्या बांधावर नेला. गावानं वर्गणी काढून मळ्यातला पहिला दिवा वरवंट्यावर लावला. माझ्या मोटरला त्यानंतर बराच काळ वाट पाहावी लागली. आता मोटर आहे, पाणी धो धो येतं, वरवंट्यावरचं सोडून बाकीची मडकी फुटली ती पुन्हा आणली नाहीत. सांबार येतो. पण वैशाखात जसा तिसऱ्या वाफ्यात येतो तसा दुसरीकडे कुठं येत नाही. तो कोणी तोडत नाही. तो वरवंटा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मीही तोडत नाही.

सरसू आणि गोदाबाई दर सोमवारी तिथं यायच्या. गोदाबाई हात जोडायची. सरसू कधी जोडत नसे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "देवा, तुहं झालं असन तं दे आता माहा वरवंटा."

मागच्या वर्षी सरसू गेली. सोमवारी गळतीत पाणी मी घालतो. गोदाबाईला आता नीट दिसत नाही, काठी टेकत एकटी येते. या सोमवारी मी मोटरच्या खोलीशी उभा होतो, तिला ते ठाऊक नव्हतं. ती वरवंट्यासमोर बसली, हात जोडायचे विसरली आणि जुन्या सवयीनं, जसं ढवळ्याला सांगायची तसं, मोठ्यानं म्हणाली, "सांग तिले, माहा पाटा रिकामा पडला हाय."